चॉकलेटी कोटातली डॉक्टरबाई

जुळे सोलापुरातल्या त्या फिजिओथेरपी सेंटरमध्ये कोटांचे तीन रंग होते. पांढरा बुद्धप्रिया मॅडमचा, आकाशी प्रदीपचा आणि चॉकलेटी चंद्रिकाचा. रंगांचा अर्थ मॅडमनी एका तक्त्यावर ठसठशीत अक्षरांत लिहून बाकाच्या मागं भिंतीवर लावला होता. पेशंटला तपासायचं, कुठला व्यायाम कधी आणि किती करायचा हे ठरवायचं, ते काम थेरपिस्टचं, म्हणजे पांढऱ्या कोटाचं. ठरलेला व्यायाम शेजारी उभं राहून करून घ्यायचा आणि काही वेगळं दिसलं तर मॅडमच्या कानावर घालायचं, ते असिस्टंटचं, म्हणजे आकाशी कोटाचं. पेशंटला आत आणायचं, खाटेवर चढवायचं-उतरवायचं, शेकाच्या पिशव्या गरम करायच्या, चादरी बदलायच्या, चालवताना कमरेचा पट्टा धरायचा, ते मदतनिसाचं, म्हणजे चॉकलेटी. सगळ्यात खाली लाल शाईत एक ओळ होती. व्यायामाबद्दलचा कोणताही प्रश्न फक्त थेरपिस्टना विचारावा.

हा तक्ता कुणी म्हणजे कुणी वाचत नसे. लोक बाकावर बसत, त्यालाच डोकं टेकून डुलकी काढत, आणि डोक्याच्या तेलानं लाल ओळ पुसट होत जाई. रोज सकाळी तक्ता ओल्या फडक्यानं पुसायचं काम चंद्रिकाचं. त्यामुळं सबंध सेंटरमध्ये तो कुणाला तोंडपाठ असेल तर तिलाच, आणि पुढचं सगळं वाचताना एवढं ध्यानात ठेवा. तिला माहीत नव्हतं असं नाही.

गावाकडून आलेल्या माणसाला कोटाचा रंग दिसत नाही, त्याला हात कळतो. मॅडम दहा मिनिटं तपासून दुसऱ्या खाटेकडं जात. प्रदीप वीस मिनिटं व्यायाम घेई. आधीचा आणि नंतरचा सगळा वेळ, चपला काढण्यापासून रिक्षात बसवेपर्यंत, चंद्रिकाचा. जिचा हात जास्त वेळ अंगावर तीच डॉक्टर, असं बाकावरच्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. त्यात अक्कलकोट-दुधनीकडची माणसं आली की ती त्यांच्याशी कन्नडमध्ये बोले. मॅडमना कन्नड येत नव्हतं, आणि प्रदीपला जेवण झालं का एवढंच विचारता येई. एकदा कुणीतरी तिला डॉक्टरबाई म्हटलं. पहिल्यांदा तिनं घाईघाईनं नाही नाही म्हटलं, दुसऱ्यांदा नुसती हसली, आणि तिसऱ्यांदा, खरं सांगायचं तर, ते कधी म्हणतायत याची वाट बघितली.

तिला फार नावं ठेवू नका. दुधनीपासून दोन कोसांवरच्या गावातली मुलगी, दहावीला चांगले मार्क पडलेली, नर्स व्हायचं मनात धरून बसलेली. घरच्यांनी स्थळ बघितलं आणि मनातलं मनात राहिलं. नवरा प्रभुलिंग अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मागावर. तिनंही तिथंच आठ वर्षं टॉवेलच्या घड्या घातल्या. सुताच्या धुळीनं खोकला जडला तेव्हा ते सोडलं आणि चार वर्षांपूर्वी सेंटरमध्ये लागली. दिवसभर मॅडमचं बोलणं कानावर पडे, आणि तिचे कान तिखट होते. गल्लीतल्या बायका गुडघा दाखवायला येत, ती दोन गोष्टी सांगे, आणि बायकांना बरं वाटे. चार वर्षं तिचं सांगणं कधी चुकलं नाही. म्हणजे चुकलेलं तिच्यापर्यंत आलं नाही, असं म्हणायला हवं.

महादेवप्पा दुधनीचे अडत व्यापारी, वय सत्तरीच्या पुढं. मे महिन्यात अंगणात घसरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन होऊन तीन महिने ते मुलाच्या, विरेशच्या, सोलापुरातल्या फ्लॅटवर राहत होते आणि एक दिवसाआड सेंटरमध्ये येत होते. आधी वॉकर, मग काठी. बाजारात ज्याच्या शब्दाला वजन, त्या माणसाला पोरासोरांसमोर लुटूलुटू चालायची लाज वाटे. चंद्रिका पट्टा धरून त्यांच्याशी गावाकडच्या गप्पा मारी, कुणाची सून, कुणाचं शेत, यंदा तूर कशी. त्यांची पावलं आपोआप पडत.

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी त्यांच्या घरी मठाचे स्वामी येणार होते. त्यासाठी महादेवप्पा घरी निघाले. शनिवारी मॅडमनी त्यांना शेवटचं तपासलं, घरी करायचे व्यायाम कागदावर लिहून दिले आणि फोन आला म्हणून आत गेल्या. चंद्रिका त्यांना रिक्षापर्यंत घेऊन चालली होती. पायरीपाशी ते थांबले आणि कन्नडमध्ये हळूच म्हणाले, "डॉक्टरबाई, सोमवारी स्वामींच्या पुढं खाली बसून लिंगपूजा करावी म्हणतो. तीन महिने खुर्चीवर करतोय, मनाला लागत न्हाय. मांडी घातली तर चालंल की?"

मॅडम आत होत्या, दार दहा पावलांवर होतं. विचारून येते म्हणायला वेळ लागला नसता. पण चंद्रिकाच्या डोळ्यासमोर सेंटरचा जुना पेशंट बिरप्पा आला. त्याचंही ऑपरेशन खुब्यापाशीच, टाके तसेच, आणि तिसऱ्या महिन्यात मॅडमनीच त्याला मांडी घालून बसायची सवय करायला सांगितलेलं, ते तिनं स्वतः ऐकलेलं. शिवाय समोरचा म्हातारा तिच्याकडं आशेनं बघत होता. "तीन म्हैनं झालं की आप्पा. सावकाश बसा, चालंल," ती म्हणाली. महादेवप्पांनी हात जोडले. त्या संध्याकाळी घरी तिच्या भाकऱ्या सुद्धा चांगल्या फुगल्या.

सोमवारी सकाळी दहाला केराबाई नावाची नवी पेशंट आली. पडून खुबा मोडलेला, महादेवप्पांसारखंच ऑपरेशन. चंद्रिका तिच्या पायांमध्ये उशी धरून उभी होती. मॅडमनी कपाटातून प्लास्टिकचं हाड काढलं आणि समजावून सांगायला लागल्या. ही वाटी, हा त्यात बसणारा गोळा. तुमचा मोडलेला गोळा काढून नवा बसवलाय. आता खाली बसायचं नाही, मांडी घालायची नाही, आणि खाली बसून पुढं वाकायचं तर नावच काढायचं नाही. असं झालं की काय होतं बघा, म्हणून त्यांनी ते हाड दुमडून जरा आत वळवलं. टक् करून गोळा वाटीच्या बाहेर आला.

केराबाईनं विचारलं, "कदीच न्हाय का?" मॅडम म्हणाल्या, मी सांगेपर्यंत नाही, आणि बहुतेक कधीच नाही.

चंद्रिकाच्या हातातली उशी सरकली. ती सावरून तिनं शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं, बिरप्पा तर बसत होते. मॅडम हाड कपाटात ठेवत म्हणाल्या की त्यांच्या मांडीच्या हाडात सळई आहे, सांधा त्यांचा स्वतःचा आहे, बाहेरून टाके सारखेच दिसतात पण आतलं काम अगदी वेगळं. एवढं बोलून त्या पुढच्या खाटेकडं गेल्या. चंद्रिकानं घड्याळाकडं बघितलं.

भिंतीवर सव्वादहा झाले होते. स्वामी दोन वाजता येणार, मग पूजा, हे महादेवप्पांनीच तिला सांगितलं होतं. अजून वेळ होता. रिसेप्शनवर शिवलीला बसे. तिच्याकडून चंद्रिकानं विरेशचा नंबर मागितला. कशाला, असं शिवलीलानं विचारल्यावर त्यांचा टॉवेल राहिलाय, अशी थाप मारली. मागच्या गॅलरीत जाऊन फोन लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. परत लावला. परत. विरेशनं उचलला तर दोन वाक्यांत काम होईल, आप्पांना खाली बसवू नका, बस. कुणाला कळायचं नाही, मॅडमना तर नाहीच. ती मनातल्या मनात ती दोन वाक्यं घोकत होती आणि पलीकडं घंटी वाजून बंद पडत होती.

पुढचा पाऊण तास तिनं कसा काढला ते तिचं तिला ठाऊक. पेशंट आत आण, बाहेर सोड, मध्येच गॅलरीत जा, फोन लाव. नोकरी जाईल, पुन्हा त्या सुताच्या धुळीत जावं लागेल, ही भीती होतीच. पण खरी भीती वेगळीच होती आणि ती तिला उघड्या डोळ्यांनी दिसत होती. म्हातारा मांडी घालणार, टक् होणार, आणि तो किंचाळून म्हणणार की डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं.

अकराच्या सुमाराला एका शिक्षकांच्या पाठीला शेक द्यायचा होता. पिशवी गरम पाण्यातून काढली की टॉवेलच्या चार घड्या घालून मगच ती अंगावर ठेवायची, हे ती झोपेतसुद्धा करेल. त्या दिवशी तिनं एकच घडी घातली आणि पिशवी ठेवून दिली. कान फोनकडं होते. शेजारच्या खाटेवर व्यायाम घेणाऱ्या प्रदीपची नजर गेली म्हणून बरं. त्यानं लगबगीनं पिशवी उचलली. सरांची पाठ लालभडक झाली होती, फोड आला नाही इतकंच. प्रदीप काही लागट बोलला नाही. चंद्रिका, बरं नाही का, एवढंच म्हणाला.

तेव्हा तिला कळलं की लपवायच्या नादात आपण दुसरं माणूस भाजायला निघालो. ती तशीच मॅडमच्या खोलीत गेली.

"मॅडम, म्हादेवप्पांना मी खाली बसा म्हणलं. मांडी घालून, पूजेला. आज दोन वाजता बसणारेत. त्यांनी मला इचारलं आणि मी चालंल म्हणलं."

बुद्धप्रिया मॅडम तिशीच्या, बोलायला तुटक, आणि रागावल्या की आवाज वाढण्याऐवजी उतरे. तो उतरला. नेमके कुठले शब्द वापरलेस ते त्यांनी दोनदा वदवून घेतलं. मग स्वतः फोन लावला. वाजून बंद झाला. बाहेर अकरा पेशंट बसले होते, त्यांना सोडून मॅडमना निघता येईना. प्रदीपला पाठवावं तर इथं व्यायाम कोण घेणार, आणि तिथं गेला तरी म्हातारे कन्नड सोडून काही ऐकायच्या मनःस्थितीत असतील का, हा प्रश्न होताच.

"रागवायचं ते मी नंतर रागावणार आहे," मॅडम म्हणाल्या. "आत्ता तू जा. पोचल्यावर मला व्हिडिओ कॉल लाव. बसले असतील तर मी सांगेपर्यंत उठवायचं नाही. मी बोलेन तेवढंच त्यांना सांगायचं, आणि ते बोलतील ते सगळं मला. मधे तुझं काही घालायचं नाही."

चंद्रिका कोट न काढताच पळाली. रिक्षानं स्टँड, स्टँडवरून अक्कलकोटची गाडी. खिडकीशी बसून तिनं चौदा वेळा फोन लावला. रस्त्याच्या कडेला हिरवंगार पीक उभं होतं, शेजारची बाई तिला शेंगा देऊ करत होती, आणि हिचं लक्ष फोनवरून हटत नव्हतं. गाडी थांबली की हिचा जीव वरखाली. मध्येच वाटे की म्हातारे बसणारच नाहीत, विरेशला काळजी असेल, निंगव्वा नको म्हणेल. निंगव्वा म्हणजे महादेवप्पांची बायको. मग आठवे की नको कशाला म्हणतील, डॉक्टरबाईंची परवानगी घेऊन आलेत की.

अक्कलकोटला पोचली तेव्हा एक वाजून गेला होता. दुधनीचं वडाप उभं होतं, पण अर्धं रिकामं, आणि जीप भरल्याशिवाय चालक हलायचा नाही. लवकर काढा, एका माणसाच्या पायाचा प्रश्न आहे, असं ती काकुळतीनं म्हणाली. चालकानं तिच्या कोटाकडं बघितलं आणि विचारलं, "डॉक्टर हाय का तुमी?" इतकी वर्षं न विचारता मिळालेली पदवी आज कामाला आली असती. चंद्रिका म्हणाली, "न्हाय." खरं बोलायला तिनं मुहूर्तही कुठला निवडला बघा. चालक पुन्हा पान लावायला लागला आणि आणखी वीस मिनिटं गेली.

महादेवप्पांचं घर पेठेत, शोधावं लागलं नाही. दारात चपलांचा ढीग, आत धुपाचा आणि हुग्गीच्या गोड खिरीचा वास. अडीच वाजून गेले होते. चंद्रिका उंबऱ्यातच थबकली.

महादेवप्पा बसलेले होते. जमिनीवर, चादरीच्या घडीवर, दोन्ही पायांची नीट मांडी घालून. कपाळावर विभूती, डाव्या तळहातावर इष्टलिंग, त्यावर बेलाचं पान, नजर त्यावर खिळलेली. समोर पाटावर स्वामी. भोवती घरचे, शेजारचे, सगळ्यांचे चेहरे उजळलेले. निंगव्वानं चंद्रिकाला बघितलं, तिचे डोळे भरून आले, आणि तिनं खुणेनंच तिला बस म्हटलं. विरेशही हसला; पाहुण्यांच्या गडबडीत त्यानं सकाळपासून फोन बघितलाच नसावा. तीन महिन्यांनी बाप जमिनीवर बसला, त्याचं श्रेय जिचं तीच दारात उभी, याहून चांगला योग कोणता?

चंद्रिकाही लिंगवंतांच्या घरातली. पूजा चालू असताना मध्ये शब्द बोलायचा नसतो, हे तिला बोट धरून चालायच्या वयापासून माहीत. बोलले तर पूजा मोडते, न बोलले तर पाय. बसलेले आहेत तोवर बरे आहेत, उठताना काय ते होईल, तोवर मॅडमना फोन लावू, असं तिनं स्वतःला समजावलं. भिंतीला पाठ लावून व्हिडिओ कॉल लावला. मॅडम पडद्यावर दिसल्या. तिनं फोन महादेवप्पांकडं वळवला. मॅडमनी दीर्घ श्वास घेतला तो तिला ऐकू आला.

एक गोष्ट मात्र दोघींच्याही ध्यानात आली नव्हती. मॅडमना ती ठाऊक असायचं कारण नव्हतं, चंद्रिकाला होतं. पूजा संपली की माणूस स्वामींच्या पायावर डोकं ठेवतो.

महादेवप्पांनी लिंग कपाळाला लावलं, वस्त्रात बांधून गळ्यात घातलं, हात पुढं केले आणि वाकायला सुरुवात केली. चंद्रिकाला फक्त ते प्लास्टिकचं हाड दिसलं. "अल्लाडब्याड्री! हलू नका आप्पा!" ती ओरडली आणि माणसांवरून पाय टाकत जाऊन तिनं त्यांच्या छातीला हात लावून त्यांना मागं थोपवलं. कुणीतरी म्हणालं, काय बाई ही, स्वामींच्या समोर. स्वामी मात्र वयानं मोठे आणि शहाणे होते. त्यांनी पाय मागं घेतले, महादेवप्पांच्या डोक्यावर दुरून हात धरला, आणि ती बाई म्हणते तसं करा असं सांगून बाजूला झाले.

पुढची पंधरा मिनिटं घरात फक्त मॅडमचा आवाज आणि मागोमाग चंद्रिकाचा. विरेशनं फोन धरला होता. मॅडम म्हणाल्या, दोन्ही हात मागं टेकवा, पाठ मागं झुकवा, मागून कुणीतरी आधार द्या. चंद्रिकानं कन्नडमध्ये तेवढंच सांगितलं. आता ऑपरेशनचा पाय उचलायचा नाही, सरकवत सरळ करायचा. महादेवप्पांनी पाय सरकवला आणि अर्ध्यावर त्यांचा चेहरा पिळवटला. जांघेत कळ आली होती. थांबा, म्हणाल्या मॅडम. सगळे थांबले. निंगव्वानं पदर तोंडात धरला. चंद्रिकाच्या हाताखाली म्हाताऱ्याची मांडी थरथरत होती, आणि तिला वाटलं की आत्ता, याच क्षणी, तो आवाज ऐकू येणार. आवाज आला नाही. हळूहळू थरथर थांबली. परत सरकवा, जपून. पाय सरळ झाला.

मग त्यांना उताणं निजवलं, गुडघ्यांमध्ये उशी दिली. जमिनीवरून पलंगावर कसं घ्यायचं, असं विरेशनं विचारलं. मॅडमनी चंद्रिकाला विचारलं, चादर घालशील ना खालून? एवढंच त्या दिवसातलं तिचं स्वतःचं काम. निजलेल्या माणसाला चांगल्या कुशीवर अर्धा वळवून, उशी हलू न देता, चादर खाली सरकवून दुसऱ्या बाजूनं ओढून घ्यायची, हे ती दिवसातून दहादा करत होती. तिनं घरातली जाड सोलापुरी चादर मागितली, ती घातली, चार कोपऱ्यांना चार माणसं उभी केली. मॅडमनी तीन म्हटल्यावर सगळ्यांनी एकदम उचललं आणि महादेवप्पा पलंगावर आले.

मॅडमनी दोन्ही पाय शेजारीशेजारी ठेवायला लावून पडद्यावर नीट बघितले. लांबी सारखी आहे का, बोटं छताकडं आहेत का, पाय आत-बाहेर वळलाय का. घोटा हलवून दाखवा म्हणाल्या. महादेवप्पांनी हलवला. गोळा जागचा हललेला दिसत नाही, पण उद्या सकाळी एक्स-रे काढून घेऊन या, तोवर जमीन नाही, मांडी नाही, असं त्यांनी बजावलं. चंद्रिका भिंतीला टेकून खाली बसली. आता तिला रडू यायला लागलं होतं, आणि ते तिनं आवरलं नाही.

निंगव्वानं तिच्यापुढं हुग्गीची वाटी ठेवली आणि पाठीवरून हात फिरवला. डॉक्टरबाई वेळेवर आल्या म्हणून, नाहीतर काय झालं असतं, असं ती शेजारणींना सांगत होती. चंद्रिकाला ती वाटी बघवेना. पुढं काय बोलायचं ते ती अक्कलकोटपासून जुळवत आली होती. उठून पलंगापाशी गेली आणि भरल्या घरात कन्नडमध्ये म्हणाली, "मी डॉक्टर न्हाय. मी चादरी बदलते, शेक गरम करते, पट्टा धरते. खाली बसा म्हणायचा मला अधिकार नव्हता. तुमी मला डॉक्टर समजून इचारलं आणि मी गप बसले. माजी चूक हाय."

विरेशच्या कपाळावर आठी पडली आणि त्यानं बापाकडं बघितलं. आता शिव्या पडतील, असं समजून चंद्रिका मान खाली घालून उभी होती. महादेवप्पांनी तोंड भिंतीकडं वळवलं.

"मला म्हाईत हुतं की," ते म्हणाले. "तक्ता वाचलाय मी. पहिल्याच दिवशी."

चंद्रिकाला काही उमगेना. मग डॉक्टरबाई कशाला म्हणत होता, असं तिनं विचारलं.

"तुला बरं वाटायचं म्हणून." आतापर्यंतचं तुमी जाऊन तू कधी आलं ते त्यांनाही कळलं नसावं. "मॅडमना इचारलं असतं तर त्या न्हाय म्हणल्या असत्या. त्या आकाशी कोटातल्या पोरानंबी न्हायच म्हणलं असतं. तू एकटी व्हय म्हणशील असं वाटलं. म्हणून मॅडम आत जायची वाट बघितली."

चंद्रिकाला चपराक बसल्यासारखं झालं. दिवसभर ती एका भोळ्या म्हाताऱ्याला फसवल्याच्या ओझ्याखाली पळत होती. ते ओझं उतरलं, पण त्याच्याबरोबर आणखीही काही गेलं, आणि ते गेल्याचं दुःख जास्त होतं. तिला वाटलं होतं की तिला कळतं म्हणून लोक विचारतात. इथं तर ती नाही म्हणू शकत नाही, म्हणून तिची निवड झाली होती, बाजारात नरम गिऱ्हाईक हेरावं तशी. याआधी बाकावरच्या आणखी किती जणांनी तिला असंच हेरलं असेल, याची ती मनातल्या मनात मोजणी करायला लागली.

विरेशच्या हातातला फोन अजून चालूच होता. पडद्यावरून मॅडमनी विचारलं, "ते काय बोलतायत, चंद्रिका?"

महादेवप्पांनी झटकन मान वळवली. अडतीवर आयुष्य घालवलेले त्यांचे डोळे आता अगदी लहान मुलासारखे झाले होते. विरेशला ऐकू जाऊ नये अशा बेतानं, पण तिला ऐकू येईल असं, ते पुटपुटले, "हे तेवढं मॅडमना सांगू नकोस, तंगी. दुखत नव्हतं म्हणून बसलो, असं सांग."

तंगी म्हणजे धाकटी बहीण. अशा मऊ आवाजात कुणी काही मागितलं की तिच्या तोंडून होकार कसा निसटतो, हे आज तिला पहिल्यांदा स्वतःलाच ऐकू आलं. होकार जिभेवर आला सुद्धा होता. तिनं तो गिळला आणि फोन विरेशच्या हातातून आपल्या हातात घेतला.

"मॅडम, आप्पा म्हणतेत, मी डॉक्टर न्हाय ते त्यांना पहिल्या दिवसापास्नं म्हाईत हुतं. तुमी न्हाय म्हणला असता, मी व्हय म्हणंन, म्हणून त्यांनी तुमी आत जायची वाट बघितली आणि मला इचारलं." मग महादेवप्पांकडं बघत तिनं पुढं जोडलं. "आणि आत्ता म्हणतेत, हे तुमाला सांगू नको."